तीन खाचांचा दांडा

अंतू मिस्त्रींकडे कुणी रायफलीची नळी बदलायला गेलं, तर ते आधी रायफलीकडे बघायचेच नाहीत. माणसाकडे बघायचे. त्याचे पाय, खांदे, जिना चढून आल्यावर लागलेला दम. मग उठून कोपऱ्यातले तीन लाकडी दांडे काढून भिंतीला उभे करायचे आणि म्हणायचे, "ह्यातला येक उचल आन् डोंगर चढून ये. मग बोलू."

दांडे शिसवीचे होते. बंदुकीएवढे लांब, मागं दस्त्यासारखे रुंद, आतून कोरून शिसं ओतलेले. एका खाचेचा हलका, दोन खाचांचा मधला, तीन खाचांचा जड. बारीक नळीची, मध्यम नळीची आणि जाड नळीची रायफल जेवढी भरेल, तेवढंच त्या दांड्यांचं वजन होतं, आणि तेही ज्या जागी असायला हवं त्याच जागी. पुण्याहून कोरी नळी यायची ती मनगटाएवढी जाड. आत गोळीला फिरवणारे आटे पाडलेले, बाहेरून नुसता लोखंडाचा ठोकळा. ती लेथवर चढवून बाहेरून किती उतरवायची, बुडाशी किती जाड ठेवायची, तोंडाकडे कशी निमुळती करायची, हे मिस्त्री ठरवायचे. उतरवलेलं लोखंड परत चढत नाही. म्हणून माप आधी माणसाचं.

दुकान भोरला, बाजारपेठेच्या मागच्या बोळात, माडीवर. पायानं चालवायचा लेथ, एक ऐरण, तेलाची बरणी, आणि खिडकीत कायम एक छत्री टांगलेली. पाऊस असो नसो, मिस्त्री छत्रीशिवाय बाहेर पडायचे नाहीत. तपकीर ओढायचे. बारीक अंगाचे, आवाज मात्र घणासारखा. स्वतः कधी शिकार केली नाही. कोंबडीसुद्धा मारलेली मी पाहिली नाही. पण नळी तयार झाली की ती सुतळीला टांगून नखानं टिचकी मारायचे, कान लावायचे, आणि आवाज विरेपर्यंत दुकानात कुणी खोकलं तरी शिवी द्यायचे.

त्यांचं एक म्हणणं मी शंभरदा ऐकलं असेल. "बारीक नळी पयल्या गोळीला देवमाणूस. तापली की तिसऱ्या गोळीला लबाड. जाड नळी तापत न्हाई, थरथरत न्हाई. पर ती धरणाऱ्याला थरथरवती. थरथर कुठंतरी जाणारच बाबा. ती नळीत ठिवायची का मानसाच्या हातात, येवढंच मला ठरवायचं आसतं."

एकदा एक वकील मोटारीतून आले. त्यांना सगळ्यात जाड नळी हवी होती. मिस्त्रींनी तीन खाचांचा दांडा पुढं केला. वकील म्हणाले, माझा गडी वाहील, मी फक्त बार काढणार. आम्हाला वाटलं आता मिस्त्री त्यांना जिन्यावरून खाली घालवतात. पण ते उलट खूश झाले. म्हणाले, "आसं सांगा की. वाहणारा येगळा आन् मारणारा येगळा आसंल तर माप येगळं निघतं. त्यात लाज न्हाई. फक्त मला खरं कळलं पायजे." आणि वकिलांना जाड नळी करून दिली. हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. तरीही पुढं मी जे केलं ते केलं, म्हणून हे आधी लिहून ठेवतो.

मी वेल्ह्याकडचा. तोरण्याच्या पायथ्याचं गाव. दोन बुकं शिकलो आणि गुरांमागं लागलो. नेम बरा होता म्हणून आमच्या इनामदारांनी मला शिकारी ठेवलं. त्यांच्या बंदुका दुरुस्तीला मीच भोरला न्यायचो, म्हणून मिस्त्रींच्या दुकानात माझं येणंजाणं. परवाना त्यांच्या नावाचा, त्यात चालवणारा म्हणून माझं नाव. बिबट्या वासरं न्यायला लागला, डुकरं नाचणीत घुसली, की मला बोलावणं. रायफल जुनी होती, आतले आटे झिजलेले. इनामदार म्हणाले, शिरपती, भोरला जा, मिस्त्रींकडून नवी नळी घालून आण, तुला हवी तशी.

मला हवी तशी म्हणजे जाड. शेजारच्या इनामदारांचा शिकारी जाड नळीची रायफल घेऊन मिरवायचा. माझी जुनी बघून म्हणायचा, शिरपा, ही बोरूची हाय का रं? ते मनात बसलेलं.

मिस्त्री माप घ्यायला आमच्या गावी आले. त्यांची रीतच तशी. भोरच्या टेकडीवर माप घेऊन वेल्ह्यात शिकार करायची नाही, म्हणायचे. गावावर एक सोंड आहे, डोंगराचा लांब दांड खाली उतरलेला. तिच्या माथ्यावर म्हसोबाचा शेंदरी दगड. मिस्त्री तिथं छत्री उघडून बसायचे. आपण खालून दांडा खांद्यावर घेऊन चढायचं, वर पोचल्याबरोबर दम न घेता खांद्याला लावायचा आणि समोरच्या टेकाडावरच्या एकट्या झाडावर नेम धरायचा. मिस्त्री बाजूला उभे राहून फक्त टोक बघायचे. तोंडानं वीस आकडे मोजायचे.

पहिल्या दिवशी मी तीन खाचांचा नेला. माथ्यावर टोक कापायला लागलं. बाराच्या आकड्याला मिस्त्री थांबले. म्हणाले, "दोन खाचा. तुझ्या अंगाला दोन खाचाच बऱ्या."

मी म्हटलं, रात्री ताप होता. उद्या परत बघा. ताप वगैरे काही नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी निघालो तेव्हा हौसा मागं होती. माझी बायको. सोंडेच्या पलीकडं आमचं नाचणीचं खाचर, ती तिकडं भाकरी घेऊन निघालेली. डोक्यावर पाटी, पाटीत भाकरी, पाण्याचं भांडं आणि खुरपी. पहिल्या वळणावर मी दांडा खांदा बदलून घेतला. तिनं बघितलं. म्हणाली, "आणा हिकडं. तुमाला वर नेम धरायचाय." आणि माझ्या खांद्यावरून काढून घेतला.

मी दिला. इथं खोटं सांगत नाही. मला ते लबाडी केल्यासारखं वाटलंच नाही. आमच्याकडे बायका ओझं वाहतात आणि पुरुष पुढं चालतात. सरपण, शेण, पाणी, लेकरू, सगळं. बायकोनं वाहिलं म्हणजे आपणच वाहिलं. वकिलांचा गडी तो गडी, त्याला मजुरी मिळते. बायको ही काय वेगळी का? असंच डोक्यात होतं. मी पुढं मोकळ्या हातानं चढलो, ती मागं डोक्यावर पाटी आणि खांद्यावर दांडा घेऊन. शेवटच्या वळणाआड तिनं दांडा परत दिला आणि खाचराच्या वाटेला लागली.

वर मिस्त्री वीस मोजेपर्यंत मी टोक हलू दिलं नाही. मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले. परत वीस मोजले. मग म्हणाले, "काल खरंच ताप हुता म्हणायचा." आणि चिलखताला हात लावावा तसा माझा खांदा दाबून बघितला.

नळी त्यांनी पंधरा दिवसांत उतरवली. मी दुकानात बसून बघत होतो. एकेक पदर काढायचे, मग थांबायचे. लोखंड गार होऊ द्यायचे. म्हणायचे, घाईनं कातलं की ते गुमान कातून घेतं आणि गार झाल्यावर वाकून सूड उगवतं. बुडाशी वीतभर जाडी तशीच ठेवली, तिथं दारूचा जोर असतो. पुढं एकदम थोडी उतरवली, आणि मग तोंडापर्यंत इतकी हळू निमुळती की डोळ्याला कळू नये, फक्त चिमटीत धरून बोट सरकवलं तर कळावं. तोंडाशी पुन्हा भरीव. टिचकी मारली तेव्हा आवाज मंदिरातल्या घंटेसारखा न घुमता एकदाच ठक्क आला. "मुकी हाय," मिस्त्री म्हणाले. "मुकी बरी. बडबडी नळी कुठंबी मारती." त्यांच्या तोंडून ह्याहून मोठं कौतुक मी ऐकलं नाही. भोरच्या माळावर आम्ही तिनं सहा गोळ्या मारल्या, दगडाच्या पाटीवर रुपयाएवढ्या जागेत. खाली टेकवून मारल्या, हे सांगायला हवं.

मार्गशीर्षात बिबट्यानं पाटलांची कालवड नेली. मिस्त्रींना निरोप गेला. आपल्या नळीची पहिली शिकार ते मागं उभं राहून बघायचे, हीही त्यांची रीत होती. आले. छत्री होतीच.

सकाळी उन्हं वर आल्यावर हाकारे कारवीच्या झुडपांत घुसले. मला आणि मिस्त्रींना सोंडेच्या अंगानं वर जाऊन घळीच्या तोंडाशी बसायचं होतं. त्या दिवशी रायफल मी वाहिली. हौसा त्या दिवशी खाचरात नव्हती, घरी दळत होती. अर्ध्या चढाला माझे दोन्ही खांदे भरून आले. मिस्त्री मागं होते, त्यांच्यादेखत टेकवणार कशी? वर पोचलो आणि बसायच्या आत बिबट्या घळीतून बाहेर आला. पन्नास पावलांवर आडवा उभा. इतकं सोपं जनावर मला आयुष्यात मिळालं नाही.

मी नळी उचलली. नळीच्या टोकावरची नेमाची माशी त्याच्या खांद्यावर टिकेना. वर जाई, खाली येई. मी श्वास धरला तर जास्तच कापली. बार निघाला तेव्हा मला कळलं होतं की चुकला. गोळी मागच्या मांडीत बसली. तो कारवीत शिरला आणि वळसा घालून आमच्या मागून बाहेर आला. मागं मिस्त्री उभे होते. त्यांनी डाव्या हातातली छत्री पुढं केली, ती एका फटक्यात गेली. मग उजवा हात पुढं केला.

दुसरी गोळी मी चार हातांवरून मारली. तेवढ्या जवळून कुणीही मारील.

बैलगाडीतून त्यांना हमरस्त्यापर्यंत नेलं. हौसानं आपलं लुगडं फाडून हात बांधला होता, तरी गाडीच्या फळीवर रक्त सांडत होतं. मिस्त्री शुद्धीत होते. विव्हळले नाहीत. सारखं एकच म्हणत होते, "दोनच खाचा पायजे हुत्या. म्या पयल्या दिवशी बरोबर बघितलं हुतं. दुसऱ्या दिवशी भुललो. शिरपती, म्या तुला ज्यास्त वजन दिलं." मी गाडीच्या बाजूनं चालत होतो. हौसा माझ्याकडे बघत होती. मी बैलांच्या शेपटांकडे बघत होतो.

पुण्याला हात कोपरापासून काढला.

पुढची सात वर्षं मिस्त्री माडीवर खिडकीत बसून होते. लेथवर पोतं टाकलेलं. एका हातानं नळी उतरवता येत नाही हे खरं, पण माप घेता येतं, शिकवता येतं. एक चांगला फिटर शिकायला आला होता. मिस्त्रींनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. "ज्याचं माप चुकलं त्येच्याकडं शिकून तू आणिक कुणाचा हात घालिवशील," म्हणाले. दुरून माणसं यायची, नुसतं विचारायला, की ह्या रायफलीला नळी केवढी ठेवावी. ते सांगायचे नाहीत. पूर्वी ज्या माणसानं देवालासुद्धा दोन खाचा का तीन हे सांगितलं असतं, तो आता चहात साखर किती हे सांगताना अडखळायचा. मी वर्षातून एकदा तांदूळ घेऊन जायचो. ते विचारायचे, खांदा कसा आहे तुझा? माझ्या नळीनं तुझा खांदा गेला नाही ना? मी म्हणायचो, बरा आहे. आणि खाली उतरायचो.

त्या तांदळाची खरी गोष्ट अशी, की ते हौसा पाठवायची. निवडून, पाखडून, स्वतःच्या हातानं पोतडीत भरून. आणि दर वर्षी मी परत आलो की पहिला प्रश्न, सांगितलं का? मी म्हणायचो, त्यांची तब्येत बरी नव्हती. म्हणायचो, माणसं बसली होती. पुढल्या खेपेला. ती तव्यावरची भाकरी जोरात उलटायची.

लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं, त्या वर्षी कळलं की मिस्त्री अंथरुणाला लागलेत. मी पोतडी उचलली तर हौसानं पायांत वहाणा घातल्या. म्हणाली, "ह्या खेपेला तुमी सांगता का म्या सांगू?"

पोतडी तिनंच डोक्यावर घेतली. कापूरहोळपर्यंत गाडी मिळाली, पुढं भाटघरच्या अंगानं पायी. भोरला पोचलो तेव्हा दुपार होती. ती जिना चढली, पोतडी उतरवली आणि दाराशी बसली. मिस्त्री खाटेवर होते. हाडं राहिली होती. आवाज तेवढा तसाच.

मी सांगितलं. उभ्यानंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी दांडा मी वाहिला नव्हता, हिनं वाहिला होता.

मला वाटलं शिव्या देतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हौसाला विचारलं, "कुठनं कुठवर?"

"पयल्या वळणापासनं वरच्या वळणापत्तूर," ती म्हणाली.

"मदी टेकिवला?"

"न्हाई."

"डोक्यावर काय हुतं?"

तिनं सांगितलं. भाकरी, पाणी, खुरपी.

मिस्त्रींनी कोपऱ्याकडे बोट केलं. दांडे तिथंच होते, धुळीत. "पोरी, तीन खाचांचा आण. लाव खांद्याला. त्या खिडकीतनं द्येवळाचा कळस दिसतोय, त्येच्यावर धर."

हौसानं पदर खोचला आणि धरला. मी सांगतो तुम्हाला, ती आत्ताच चार मणांचं नसलं तरी चांगलं ओझं डोक्यावर घेऊन घाट तुडवत आली होती. बंदूक तिनं जन्मात धरली नव्हती. मिस्त्री खाटेवर कोपराच्या खुंटावर रेलून टोक बघत होते. वीस मोजले. मग परत वीस मोजले. टोक हललं नाही.

"मग माप बरोबर हुतं," मिस्त्री म्हणाले. "म्या चुकलो न्हवतो. नळी बरोबरच हुती. ती तुझी न्हवती शिरपती. ती हिच्या मापाची निघाली." आणि जरा थांबून, माझ्याकडे न बघता, "सात वरसं घेतलीस तू. हाताचं काय न्हाई. हात जनावरानं घेतला. सात वरसं तू घेतलीस."

मी पायांना हात लावायला वाकलो तर त्यांनी पाय ओढून घेतले. म्हणाले, तू खाली जाऊन बस.

मी बोळात बसलो. वर ती दोघं काय बोलली ते मला माहीत नाही. तासाभरानं हौसा खाली आली. खांद्यावर तीन खाचांचा दांडा होता. म्हणाली, मला दिला. काय म्हणाले, विचारलं. म्हणाली, त्या फिटरला निरोप धाडायला सांगितलाय, आणि लेथवरचं पोतं काढायला. माझ्याबद्दल काही? न्हाई, म्हणाली.

त्या फिटरला मिस्त्रींनी खाटेवरून शिकवलं. जेमतेम चार महिने मिळाले. फाल्गुनात ते गेले. मला निरोप उशिरा मिळाला, की मुद्दाम उशिरा दिला, मला माहीत नाही. भोरला पोचलो तेव्हा राख गार झाली होती. फिटरच्या हातात एक नळी होती. सुतळीला टांगून तो टिचकी मारत होता, आणि मी जिन्यात पाय वाजवला म्हणून त्यानं मला शिवी दिली.

शिकार मी सोडली. त्याचं कौतुक नको, सोडावीच लागली. दांडा हौसानं घराच्या दाराला अडसर म्हणून लावला. तिला तो कामाचा वाटला, बस. पाहुणे विचारायचे, हा कसला अडसर, एवढा जड? ती सांगायची, भोरच्या मिस्त्रींनी माझं माप घेतलं होतं. पाहुणे हसायचे. मी बाहेर जायचो.

आम्हाला मूल राहिलं नाही. ती आणि मी, एवढंच घर होतं. म्हातारपणी माझे हात कापायला लागले तेव्हा चहा तीच बशीत ओतून माझ्या तोंडाशी धरायची. एकदा मी म्हटलं, तू त्या दिवशी दांडा मागितलाच नसतास तर? ती म्हणाली, "मागितला न्हाई. तुमी खांदा बदलला, म्या घेतला." एवढंच. मिस्त्री गेल्यावर चाळीस वर्षांत त्यावर आमचं हेच एक बोलणं झालं.

चार महिने झाले तिला जाऊन. तिरडी उचलताना लोक म्हणाले, म्हातारबा, तुम्ही मडकं धरा, खांदा आम्ही देतो. मी ऐकलं नाही. ओढ्यापर्यंत मीच नेणार म्हणून पुढं खांदा दिला. वडाच्या झाडापाशी माझे पाय लटपटले आणि कुणीतरी न बोलता माझ्या खांद्यावरून दांडी काढून घेतली. मग ती पुढं आणि मी मागं, मोकळ्या हातानं.

आता ही गोष्ट माहीत असलेलं दुसरं कुणी उरलं नाही, म्हणून लिहिली. मिस्त्री चुकले नव्हते. भोरात कुणी म्हातारं माणूस अजून तसं म्हणत असेल, तर त्याला हे वाचून दाखवा.

तिन्हीसांजेला दार मी लावतो. हौसा तो दांडा एका हातानं उचलून खोबणीत टाकायची, दुसऱ्या हातात दिवा असायचा. मला दोन्ही हात लागतात. खोबण समोर दिसत असते आणि टोक तिच्यात जात नाही. मी वीसपर्यंत मोजतो. कधी कधी दार तसंच उघडं राहतं.